आपा शिकवायल्यात

मी त्या शाळेत रुजू झाले ते वर्षाच्या मधेच. नववीला गणित शिकवणाऱ्या बाई दिवाळीच्या सुट्टीत वारल्या आणि त्यांच्या जागेवर मला बोलावणं आलं. तोवर मी वैजापूरला शिकवत होते. मुकुंदवाडी स्टेशनजवळ एक खोली भाड्यानं घेतली, सामानाची पोती तशीच भिंतीला लावून ठेवली आणि शाळेत हजर झाले. मुख्याध्यापकांनी चहा पाजला आणि म्हणाले, आज नुसतं बघून घ्या, तास उद्यापासून घ्या.

मधली सुट्टी होती. खाली पटांगणात पोरांचा गलका चालला होता. मी जिना चढून वर गेले तर नववीच्या वर्गातून एका बाईचा आवाज ऐकू आला. शांत, थोडा घोगरा आवाज होता. मराठीच, पण मधेच एखादा शब्द दख्खनी. मला वाटलं कुणीतरी जादा तास घेतंय, म्हणून दारातच थांबले.

"उजव्या बाजूचा पाच डावीकडं नेला, तर त्याचं काय होतं, बेटा?" बाईंनी विचारलं.

थोडा वेळ शांतता. मग एक मुलगी म्हणाली, "उणे पाच."

"व्हय. आता मला सांग, का?"

पुन्हा शांतता. मुलगी विचार करून सांगायला लागली की दोन्हीकडून पाच काढले म्हणून. तिचं सांगून झालं आणि बाई समाधानानं "हां" म्हणाल्या.

मी आत डोकावले. फळा कोरा होता. टेबलामागं कुणी नव्हतं. शेवटच्या बाकावर एक मुलगी एकटीच बसली होती आणि तिच्यासमोर एक टॅब होता. माझ्या चपलांचा आवाज ऐकून तिनं मान वळवली, पण नजर माझ्याकडं आली नाही, खिडकीकडंच राहिली. तेव्हा मला कळलं की तिला दिसत नाही.

"नव्या मॅडम का?" ती म्हणाली. "बसा. आपा शिकवायल्यात."

आपा म्हणजे त्या गेलेल्या बाई. सगळी शाळा त्यांना आपा म्हणायची, हिंदू पोरं आणि मुसलमान पोरं दोन्ही. वर्गाला शाळेनं टॅब दिले तेव्हा बाकीच्या शिक्षकांनी त्यावर तयार व्हिडिओ लावले. आपांना ते पटलं नाही. व्हिडिओतला माणूस फळ्याकडं बोट दाखवून 'हे इकडं घ्या' म्हणतो, आमच्या पोरीनं काय करायचं, असं त्या म्हणायच्या. मग त्यांनी स्वतःच्या फोनवर पाठ बोलून भरायला सुरुवात केली. घरी, स्वयंपाकघरात बसून. एकच पाठ त्या तऱ्हेतऱ्हेनं बोलायच्या. या मुलीसाठी प्रत्येक आकृती शब्दांत सांगून. घरी दख्खनी बोलणाऱ्या पोरांसाठी त्यांच्या बोलीत. ज्यांचे आकडे उलटसुलट व्हायचे, त्रेपन्नचे पस्तीस व्हायचे, त्यांच्यासाठी अगदी सावकाश, एकेक अंक सुटा करून. एका मुलाला कमी ऐकू यायचं, त्याच्या टॅबवर हेच बोलणं मोठ्या अक्षरांत उमटायचं. फोनमधला पाठ आपोआप पोरांच्या टॅबवर जाऊन बसेल अशी सोय त्यांनी कुणाकडून तरी करून घेतली होती.

हे सगळं मला हळूहळू कळलं. पहिल्या आठवड्यात मी नुसती बावरून गेले होते. मी फळ्यावर शिकवायचे आणि उदाहरणं सोडवायची वेळ आली की पोरं कानात इअरफोन घालायची. मग वर्गभर ओठ हलायचे. कुणी हळूच "नाय" म्हणायचं, कुणी हसायचं, कुणी मान डोलवायचं. चाळीसएक पोरं एकाच बाईशी बोलत होती आणि ती बाई मला सोडून सगळ्यांना ऐकू येत होती. मी बाकांमधून फिरायचे तेव्हा आपण कुणाच्या तरी तासाला न विचारता आत आलो आहोत असं वाटायचं. पोरं आपांबद्दल बोलताना 'होत्या' म्हणत नसत. आपा असं सांगतात, आपांना ते आवडत नाय, असंच बोलायची.

एकदा दुपारी मी फळ्यावर लिहीत असताना मागच्या बंद लोखंडी कपाटातून आवाज आला, "चला रे, पाढे." माझ्या हातातला खडू खाली पडला. पोरं मात्र निवांत एकोणीसचा पाढा म्हणायला लागली. त्या मुलीनं मला नंतर समजावून सांगितलं, कपाटात जादाचा टॅब आहे, त्यावर आपांनी गजर लावलाय. चार्जिंग कोण करतं, मी विचारलं. ती म्हणाली, "मीच करते ना."

मला त्या पाठांमध्ये काय आहे ते बघायचं होतं, म्हणून एका मधल्या सुट्टीत मी तिच्या शेजारी जाऊन बसले. तिनं इअरफोन काढून आवाज मोकळा केला. उणे संख्यांचा पाठ होता. मागं कुकरची शिट्टी झाली, भांडं ठेवल्याचा आवाज आला, लांबून कुणी भंगारवाला ओरडत गेला. आपा म्हणाल्या, "उणे सातातून उणे तीन वजा केले, तर किती?" आणि थांबल्या.

माझं अर्धं लक्ष हातातल्या हजेरीकडं होतं. मी बोलून गेले, "उणे दहा."

"उणे दहा म्हणालीस ना?" आपा म्हणाल्या. "घाई केलीस. परत बघ."

मी हजेरी मिटून टॅबकडं बघितलं. मुलगी हसायला लागली. म्हणाली, मीबी तिथं दर वेळेला दहाच म्हणायचे, आपांना माहीत होतं. त्यात काही जादू नव्हती, हे मलाही कळत होतं. जिनं वर्षानुवर्षं हेच शिकवलं तिला पोरं कुठं घसरतात ते ठाऊक असणारच. पण जी बाई मला कधी भेटली नाही, जिचा फोटो मी फक्त शाळेच्या ऑफिसात हार घातलेला पाहिला होता, तिनं माझी चूक मी करायच्या आधीच धरून ठेवली होती. त्या दिवशी घरी जाताना मी सारखी मागं वळून बघत होते.

निर्देशक भूमितीला सुरुवात झाली तेव्हा अडचण आली. आलेखापर्यंत पोचून आपांचे पाठ संपत होते. शेवटचा पाठ अर्धवट होता, आणि ती मुलगी तोच पुन्हा पुन्हा ऐकत होती. मी तिला विचारलं, यात काय आहे? तिनं टॅब माझ्याकडं सरकवला.

आपा शिकवत होत्या, "एक्स अधिक वाय बरोबर चार. एक बिंदू आडव्या अक्षावर, चारवर. दुसरा उभ्या अक्षावर, चारवर. दोन्ही रेघेनं जोडले. आता डावीकडून उजवीकडं चालत जा, बेटा. रेघ चढती का उतरती?"

आणि त्या थांबल्या. मी उत्तराची वाट बघितली, ते आलं नाही. पंख्याचा आवाज येत राहिला. खुर्ची मागं सरकली. सपाता वाजत वाजत लांब गेल्या. मग बराच वेळ नुसता पंखा. बाहेरून एक गाडी गेली, कबुतरं घुमली. मी बंद करायला हात पुढं केला तर मुलगी म्हणाली, "थांबा, अजून हाय." कितीतरी वेळानं कडी वाजली, दार उघडलं आणि एका पुरुषाचा आवाज आला, "किधर है?" कुणी बोललं नाही. तो आवाज जवळ आला, फोन उचलल्यासारखी खरखर झाली आणि पाठ संपला.

ती म्हणाली, "मी दर वेळेला आपांना वेगळं उत्तर देते. कधी चढती म्हणते, कधी उतरती. काहीच म्हणत न्हाईत."

मी तिला सांगितलं, बाळा, आपा आता नाहीत. ती अजिबात गोंधळली नाही. "मला माहीत हाय की मॅडम," ती म्हणाली. "मी मयतीला पण गेले व्हते पप्पांसंगं."

ही गोष्ट मी मुख्याध्यापकांच्या कानावर घातली. त्यांची मुलगी पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत काम करते, ती तेव्हा घरी आलेली होती. ती म्हणाली, यात अवघड काहीच नाही, आपांचं इतकं बोलणं साठलेलं आहे, एआयला ते ऐकवलं की तो त्यांच्याच आवाजात पुढचे पाठ बोलेल. मजकूर तुम्ही लिहून द्या. मुख्याध्यापकांना एकदम बरं वाटलं. मलाही वाटलं. जिला दिसत नाही तिला आलेख कसा शिकवायचा याचा मला काही अंदाज नव्हता, आणि तिचा त्या आवाजावर भरवसा होता. फक्त घरच्यांना विचारू, एवढं मी म्हणाले.

आपांचे मिस्टर शहागंजकडं शिलाईचं दुकान चालवतात. निरोप दिल्यावर ते एका दुपारी शाळेत आले. उंच, वाकलेले, पांढऱ्या सदऱ्यावर टाचणी तशीच टोचलेली. मी त्यांना वर्ग दाखवायला वर नेलं. पोरं खेळाच्या तासाला खाली गेली होती, ती मुलगी तेवढी बसलेली होती. दारातून आत येताना ते मला म्हणाले, "किधर बैठती थी?"

मुलगी ताडकन उभी राहिली.

"हे तेच हायेत," ती मला म्हणाली. "शेवटच्या पाठात येतात ते."

त्यांना काही कळेना. मला ते सांगावं लागलं. तो पाठ टॅबवर पोचला आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. त्या दिवशी ते घरी आले तेव्हा टेबलावर फोन चालू दिसला, त्यांनी तो बंद करून खिशात ठेवला, एवढंच त्यांना आठवत होतं. आपा गच्चीवर कपडे आणायला गेल्या होत्या. तिथंच पडलेल्या सापडल्या. घाटी दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं.

त्यांनी तो पाठ ऐकायला मागितला. मी नको म्हणणार होते, पण मुलीनं तोवर लावलासुद्धा. ते बाकावर बसले, खूप लहान बाकावर, गुडघे वर आलेले, आणि शेवटपर्यंत ऐकत राहिले. सपाता लांब गेल्या तेव्हा त्यांनी मान वर करून छताकडं बघितलं. मीही बघितलं. स्वतःचा आवाज आला तसे ते उठले आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. नंतर म्हणाले की आवाजाचं जे करायचं ते करा, पोरांचं नुकसान नको. फक्त तयार झाला की मला आधी ऐकवा.

महिनाभरानं ऑफिसात आम्ही जमलो. मुख्याध्यापक, त्यांची मुलगी, आपांचे मिस्टर, ती विद्यार्थिनी आणि मी. लॅपटॉपमधून आवाज निघाला आणि मी दचकले. तोच घोगरेपणा, तेच 'बेटा'. मी लिहून दिलेला आलेखाचा पाठ आपा घडाघडा बोलत होत्या. माझी वाक्यं त्यांच्या तोंडून येत होती. मुख्याध्यापकांनी डोळे पुसले.

आपांच्या मिस्टरांनी विचारलं, हा आवाज काहीही बोलू शकतो का? मुख्याध्यापकांची मुलगी म्हणाली, हो, सांगा ना. ते जरा घुटमळले. मग म्हणाले, चहा घेता का, असं विचारायला लावा. तिनं टाइप केलं. आपांनी गोड आवाजात विचारलं, "चहा घेता का?"

ते लॅपटॉपकडं बघत राहिले. त्यांचे ओठ हलले, उत्तर देतात की काय असं मला वाटलं. मग त्यांनी मान हलवली. "उने पूछती नइं थी," ते म्हणाले. "लाके रख देती थी."

मुख्याध्यापकांची मुलगी घाईनं म्हणाली, आपण पाठाचं बघू, जिच्यासाठी केलंय तिला ऐकू द्या. मुलीनं लॅपटॉपजवळ खुर्ची ओढली. आपांनी प्रश्न विचारला, थांबल्या, मुलीनं उत्तर दिलं, आपा "शाब्बास" म्हणाल्या. दुसरा प्रश्न, पुन्हा तेवढंच थांबणं, पुन्हा "शाब्बास". तिसऱ्या प्रश्नाला मुलीनं मुद्दाम चुकीचं उत्तर दिलं, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. आपा "शाब्बास" म्हणाल्या.

मुलीनं कान लॅपटॉपच्या अगदी जवळ नेला आणि पुढचं सगळं थांबणं तसंच ऐकलं. तिचा चेहरा उतरत गेला. ती खुर्ची घेऊन मागं सरकली.

"मॅडम," ती म्हणाली, "ह्या कुठं बसून बोलायल्यात?"

मी म्हणाले, म्हणजे काय?

"भांडं वाजत नाय. पंखा नाय. बाहेर कायबी नाय. श्वास पण नाय. आपा थांबायच्या तवा घरात असायच्या. ह्या थांबल्या की कुठंच नसतात." मग ती हळू आवाजात म्हणाली, "बंद करा ना. मला भ्या वाटायलंय."

मुख्याध्यापकांच्या मुलीनं पटकन बंद केलं. ऑफिसात शिपायानं ठेवलेल्या कपातून वाफ निघत होती, बाहेर गेटपाशी रिक्षा उभी होती, आणि आम्ही सगळे त्या बंद लॅपटॉपपासून थोडं लांब सरकून बसलो होतो. वाईट कुणीच काही केलं नव्हतं. मुख्याध्यापकांची मुलगी पुण्याहून रजा काढून आली होती, तिच्याही डोळ्यांत पाणी आलं. तिनंच विचारलं, पुसून टाकू का? आपांचे मिस्टर म्हणाले, पुसा. त्यांच्यासमोरच तिनं ते सगळं काढून टाकलं. जाताना त्यांनी आपांचे खरे पाठ पेन ड्राइव्हवर मागून घेतले. गणित आपल्याला येत नाही, पण कुकर कधी लावला ते ऐकू येतं, असं म्हणाले. अर्धवट राहिलेला पाठ त्यात घालू का, मी विचारलं. नको, म्हणाले, तो इथंच राहू द्या.

मग आलेख शिकवायचं माझ्यावरच आलं. मुख्याध्यापकांच्या मुलीनं जायच्या आधी एक वेगळी गोष्ट दाखवली. फोनवर समीकरण घातलं की रेघ आवाजातून ऐकू येते. रेघ चढली की सूर वर जातो, उतरली की खाली, डावं टोक डाव्या कानात आणि उजवं उजव्या कानात. मी थर्माकोलच्या पाटीवर अक्षांसाठी सुतळी चिकटवली, बिंदूंना टाचण्या लावल्या आणि रबर ताणून रेघ केली. मुलीनं एका हातानं रबर चाचपलं आणि कानात सूर ऐकला. तो डावीकडून निघाला आणि खाली खाली जात उजवीकडं विरला. तिनं तो परत ऐकला, मग आणखी एकदा, आणि म्हणाली, "उतरती." बाकीच्या पोरांना ते इतकं आवडलं की पुढं सगळा वर्ग रेघा ऐकायला लागला. आकडे उलटे वाचणाऱ्या पोरांनासुद्धा चढती-उतरती ऐकून कळायची. त्या तासांना वर्गात नुसते सूर वर-खाली होत राहायचे, आणि डोळे मिटलेली पोरं.

पुढचे पाठ मी माझ्या आवाजात भरायला घेतले. सुट्टीच्या दिवशी सकाळी खोलीत बसायचे, फोन समोर ठेवायचे. पहिला पाठ मुलीला ऐकवला तर ती म्हणाली, तुम्ही थांबतच न्हाईत. मला वाटत होतं मी भरपूर थांबले. ती म्हणाली, "मनातल्या मनात माझं उत्तर ऐका, मग बोला."

म्हणून मी तसं करायला लागले. प्रश्न विचारायचा आणि रिकाम्या खोलीत, समोरच्या भिंतीकडं बघत, ती काय उत्तर देईल ते ऐकायचं. सुरुवातीला लाज वाटायची. मग एका सकाळी मी विचारलं आणि थांबले, आणि खोलीत खरंच कुणीतरी विचार करत बसलंय असं इतकं स्पष्ट जाणवलं की मी पोत्यांच्या कोपऱ्याकडं बघायचं टाळलं. स्टेशनात गाडी थांबून निघून गेली तरी मी बोलले नाही. उत्तर अजून यायचं होतं. ते चुकीचं येणार हेही मला कळलं, आणि कुठं चुकणार तेही. मग मी बोलले. आपा त्यांच्या स्वयंपाकघरात काय करत बसायच्या ते मला त्या दिवशी समजलं.

ती मुलगी दहावी झाली, लेखनिक घेऊन, गणितासकट. सोपं गणित घ्यायची मुभा होती तरी तिनं घेतलं नाही. आता ती अकरावीला आहे, अधूनमधून फोन करते आणि तिच्या नव्या सरांची तक्रार सांगते. माझे पाठ नववीच्या टॅबवर आहेत. आपांचेही आहेत. नवी पोरं दोन्ही ऐकतात आणि आपा कोण असं विचारतात. मी ऑफिसातला फोटो दाखवते.

यंदा पावसाळ्यात मी तापानं घरीच होते. सोबतच्या बाईंनी तब्येत विचारायला शाळेच्या व्हरांड्यातून फोन केला. म्हणाल्या, तुमच्या वर्गाची काळजी करू नका, पोरांनी तुमचा पाठ मोठ्यानं लावलाय, ऐका. त्यांनी फोन वर्गाच्या दाराकडं धरला. मी अंथरुणावर पडून माझाच तास ऐकला. आवाज माझा होता, पण दुसरीकडं कुठं ऐकला असता तर मी तो ओळखला नसता. पाठातल्या त्या बाईनं प्रश्न विचारला. मग ती थांबली, आणि त्या थांबण्यात मला माझ्या खोलीतलं घड्याळ ऐकू आलं, उशाशी एकदा आणि फोनमधून एकदा. वर्गानं एका सुरात उत्तर दिलं. ते चुकलेलं होतं.

"बरोबर," तिकडं मी म्हणाले.

ताप उतरल्यावर शाळेत गेले तेव्हा सगळ्यात आधी तो पाठ काढून टाकला. मग पोरांना विचारलं, तुम्हाला तेच उत्तर का वाटलं? त्यांनी सांगितलं ते सगळं ऐकून घेतलं, आणि घरी येऊन तो पाठ नव्यानं बोलले.